रेडिओचा आवाज बारीक करा

१२ जून २०२२, रविवार. पेपरच्या आतल्या पानावर बोटभर जाहिरात होती: आमच्या जिल्ह्यातल्या आकाशवाणी केंद्राला नैमित्तिक उद्घोषक हवे होते. मी तेव्हा ३६ वर्षांची, एका पतसंस्थेत कॅशियर, मुलगी चौथीत. रेडिओशी माझा संबंध एवढाच, की सकाळी डबे भरताना ओट्यावर तो चालू असायचा. जाहिरात कापून फ्रिजवर चिकटवली आणि नऊ दिवस येता-जाता तिच्याकडे नुसती बघत राहिले.

गेली दोन वर्षं रात्री दहा ते अकरा या वेळेतला फोन-इन, म्हणजे श्रोत्यांचे फोन घेण्याचा कार्यक्रम मी थेट प्रक्षेपणात करते. दर गुरुवारी, मध्ये कुणाची अडचण असेल तर एखादा शनिवारही. ‘तिथे जायचं कसं, ओळख लागते का, आवाज कसा लागतो’ हे विचारणारे महिन्याला दोघं-तिघं तरी भेटतात. मला त्या वेळी सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

पहिल्यांदा शब्दाचा अर्थ समजून घ्या. नैमित्तिक म्हणजे आम्ही सगळे ज्याला ‘कॅज्युअल’ म्हणतो ते. ही नोकरी नाही. आधी परीक्षा, मग आवाजाची चाचणी, मग प्रशिक्षण, आणि नंतर केंद्राच्या गरजेनुसार ड्यूटी. महिन्याला जास्तीत जास्त सहा. पगार नाही, ड्यूटीमागे मानधन. नोकरी सोडून यात उतरू नका. मी आजही सकाळी दहाला कॅश काउंटर उघडते.

अर्जाचं शुल्क माझ्या वेळी ३०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५४ रुपये होतं. खरी अडचण पैशांची नव्हती, नावाची होती. पदवीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत याचा कागद हवा, आणि आमच्या लग्नाची नोंदणीच झालेली नव्हती. लग्न २०१० चं. नगरपालिकेत गेले तर नोंदणीला तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते असं कळलं. भटजी शेजारच्या तालुक्यात मुलाकडे राहायला गेले होते. एका रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून साठ किलोमीटर गेलो. त्यांनी लग्नातला फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला, ‘पाऊस होता त्या दिवशी’ म्हणाले आणि सही केली. प्रमाणपत्र हातात पडलं ११ जुलैला, अर्जाची मुदत होती १५ जुलै. विवाहित मैत्रिणींनो, जाहिरात यायची वाट बघू नका, हा कागद आजच करून ठेवा. रहिवासाचा पुरावाही लागतो, कारण उद्घोषक स्थानिक हवा असतो. अर्ज मी पोस्टाने न पाठवता केंद्रावर जाऊन दिला आणि पोच घेतली.

लेखी परीक्षा २१ ऑगस्टला झाली. मधले पाच आठवडे मी पहाटे उठून वही घेऊन रेडिओ ऐकत बसले. निवेदक गाण्याआधी किती बोलतो, गीतकार-संगीतकारांची नावं कोणत्या क्रमाने घेतो, चूक झाली तर सावरतो कसा, सगळं टिपून घेतलं. त्या वहीचा पुस्तकांपेक्षा जास्त उपयोग झाला. पेपरात मराठी भाषा, साहित्य, संगीत, जिल्ह्याचा इतिहास, चालू घडामोडी आणि प्रसारणाचा इतिहास असं सगळं होतं. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं, विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ची, प्रसार भारती २३ नोव्हेंबर १९९७ ची. एवढं तरी पाठ हवंच. पहाटे सभा, म्हणजे प्रसारणाची एक पाळी, सुरू होताना वाजणारी ती ओळखीची धून वॉल्टर कॉफमन यांची आहे हे मला तेव्हाच कळलं. लहानपणापासून ऐकत होते, नाव कधी विचारलं नव्हतं.

आवाजाची चाचणी दिवाळीनंतर, ४ नोव्हेंबरला. बाहेर बाकांवर आम्ही बरेच जण बसलो होतो. प्रत्येकाला एक क्रमांक. आत गेल्यावर नाव सांगायचं नाही, क्रमांक सांगायचा आणि वाचायचं. परीक्षक दुसऱ्या खोलीत स्पीकरवर ऐकतात. चेहरा, साडी, ओळख यांतलं काहीच तिथवर पोहोचत नाही. याचा मला फार धीर आला.

दारातच एका बाईंनी माझ्या हातांकडे बघून ‘बांगड्या’ एवढंच म्हटलं. काचेच्या सहा बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या. माइक हे फार कान असलेलं यंत्र आहे. कागद उलटला तरी त्याला कळतं. म्हणून कागद हातात धरायचे नाहीत, टेबलावर वेगवेगळे मांडून एकेक बाजूला सरकवायचा. तोंड आणि माइक यांत साधारण एक वीत अंतर, आणि चेहरा किंचित तिरका, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना हवेचा फटकारा बसतो.

वाचायला दिलेल्या उताऱ्यात ‘या जगात ताठ मानेने जगायचं’ अशा धर्तीचं वाक्य होतं. पहिला ‘ज’ जन्मातला, दुसरा जखमेतला. घरात आपण हे न चुकता बोलतो, पण कागदावरून वाचताना जीभ अडखळते. न-ण, श-ष आणि ळ यांची घरी मोठ्याने तालीम करा. रागांची नावं, उर्दू शब्द, परदेशी पाहुण्यांची नावं असंही वाचायला देतात. शेवटी एक विषय देऊन दोन मिनिटं आयत्या वेळी बोलायला सांगितलं. मला ‘एसटी स्टँड’ आला. मी आमच्या स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीबद्दल बोलले. तिथला माणूस दिवसभर तीच उत्तरं देतो, तरी म्हातारं माणूस आलं की खिडकीतून वाकून बोटाने फलाट दाखवतो, ते सांगितलं. बाहेर पडले तेव्हा पाय कापत होते.

मग दोन महिने काही नाही. नोव्हेंबर संपला, डिसेंबर संपला. मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे कुणी विचारतही नव्हतं, आणि ते जास्त जड जात होतं. ९ जानेवारी २०२३ ला निवडीचं पत्र आलं. पतसंस्थेत कॅश मोजताना नवऱ्याने फोन केला, ‘आकाशवाणीचं पाकीट आलंय, फोडू का?’ मी ‘नको’ म्हटलं आणि त्या दिवशी शंभराच्या नोटांचं एक बंडल तीनदा मोजलं.

फेब्रुवारीत ‘वाणी’ नावाचं प्रशिक्षण. त्याचं शुल्क वेगळं भरावं लागतं, आणि ते पूर्ण केल्याशिवाय ड्यूटी मिळत नाही. मला बिनपगारी रजा घ्यावी लागली, तीही खर्चात धरा. पॅनकार्ड आणि रद्द केलेला चेक द्यायचा, कारण मानधन थेट खात्यात येतं. शिवाय कायम नोकरीवर हक्क सांगणार नाही असं लिहून द्यावं लागतं. ते लिहिताना वाईट वाटलं. पण ज्याला हे आधीच माहीत आहे तो नंतर कडवट होत नाही.

प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ गेला तो आकाशवाणीच्या प्रसारण संहितेवर. तिची नऊ कलमं आहेत: मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्म आणि समाजांवर हल्ला नको, अश्लील किंवा बदनामीकारक काही नको, हिंसेला चिथावणी नको, न्यायालयाचा अवमान नको, राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला नको, अशी. तेव्हा वाटलं, मी गाणी लावणार, मला याचं काय? फोन-इन करायला लागल्यावर कळलं. गाण्याची फर्माइश करता करता माणूस एका दमात गावातल्या पुढाऱ्याच्या नावाने ओरडायला लागतो, आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली घ्यायचा की नाही हे तुम्हाला ठरवायचं असतं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेत तर आमची फोन घेणारी सहकारी प्रत्येकाची दुप्पट चौकशी करायची.

पहिली ड्यूटी ३ एप्रिल २०२३, सकाळची सभा. पावणेपाचला घर सोडलं. रस्त्यात दुधाच्या गाड्या आणि कुत्री. धून, वंदे मातरम्, मंगलवाद्य, आणि मग माझं ‘सुप्रभात’. सहा महिने मी सकाळ-दुपारच्या सभाच केल्या: क्यू शीटप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या कागदाप्रमाणे गाणी, वेळ सांगणं, लॉगबुक भरणं. हे दिवस कंटाळवाणे वाटतील, पण टाळू नका. कन्सोलवरची, म्हणजे फेडर-बटणांच्या टेबलावरची बोटं न बघता चालायला लागेपर्यंत फोन हातात घेऊ नये.

रात्रीचा फोन-इन मिळाला तो ५ ऑक्टोबर २०२३ ला. आधीच्या निवेदिका दुसऱ्या शहरात राहायला गेल्या म्हणून. घरी आधी बोलणं झालं. अकरानंतर परत कसं यायचं, मुलगी कुणाजवळ झोपणार, दुसऱ्या दिवशी कामावर डोळे उघडे राहतील का. येण्याजाण्याची सोय पक्की झाल्याशिवाय रात्रीची ड्यूटी स्वीकारू नका, संकोच वाटला तरी विचारून घ्या. मला नवरा न्यायला येतो. पावणेअकरापासून गेटबाहेर गाडीत बसून कार्यक्रम ऐकत असतो.

हिशेब असा असतो. साठ मिनिटांत सहा गाणी, त्यांची सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं. सुरुवात, शेवट आणि उद्घोषणांना सहा-सात. उरलेल्या पंचवीस मिनिटांत आठ फोन. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला तीन मिनिटं. बाहेरच्या खोलीत सहकारी फोन घेते, नाव-गाव-गाणं विचारून चिठ्ठी देते आणि फोन आत जोडते. फोनचा आवाज हायब्रिड नावाच्या यंत्रातून कन्सोलवर येतो. फोन करणाऱ्याच्या शेजारी त्याचा रेडिओ मोठ्याने चालू असेल तर तोच आवाज फोनमधून परत शिरतो आणि कानठळ्या बसवणारी शीळ वाजते. म्हणून प्रत्येकाला माझं पहिलं वाक्य एकच, ‘रेडिओचा आवाज बारीक करा.’ आठवडी बाजारात एका भाजीवाल्या मावशींनी आवाजावरून मला ओळखलं आणि हेच वाक्य म्हणून दाखवलं.

रात्री दहानंतर फोन कोण करतं? पहिल्या महिन्यातच एक वेगळा जिल्हा माझ्यासमोर उभा राहिला. साखर कारखान्याच्या रात्रपाळीचे कामगार, एटीएमबाहेरचा रखवालदार, पाव भाजणारी पोरं, वॉर्डात राउंड संपवून बसलेली सिस्टर, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी. आणि शेतकरी. शेतीपंपाची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात माणसं विजेरी घेऊन उसात दारं धरत असतात, गळ्यात मोबाइल आणि त्यात रेडिओ.

अशाच एका दादांचा डिसेंबरात फोन आला. मागे मोटरची घरघर होती. मी विचारलं, ‘दादा, थंडी किती आहे?’ ते म्हणाले, ‘पाय पाण्यात आहेत तवर काय वाटत नाही ताई, भाईर काढले की कळतं.’ मी म्हटलं, ‘जरा पाण्याचा आवाज ऐकवता?’ त्यांनी फोन खाली धरला. सरीत पाणी शिरतानाचा तो बुडबुडता आवाज सात-आठ सेकंद हवेत गेला, आणि मध्येच खोऱ्याचा एक घाव. ड्यूटी ऑफिसरने काचेपलीकडून घड्याळाकडे बोट दाखवलं. मी मान हलवली आणि आणखी दोन सेकंद थांबले.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला सोपं नाही.

नदीकाठच्या एका गावातून एक आजोबा दर गुरुवारी फोन करायचे. गाणं सांगण्याआधी बैलांच्या गोष्टी. पहिला बैल कधी घेतला, कोणत्या बाजारातून, त्याच्या शिंगांना काय झालं होतं. तीन मिनिटांची पाच व्हायची आणि मग माझा शेवटचा फोन कापावा लागायचा. २०२४ च्या जानेवारीत एका गुरुवारी गाणं चालू होतं, आजोबा लाइनवर थांबलेले होते. मी काचेपलीकडे सहकारीला म्हटलं, ‘आजोबा लांबण लावतात, आज दोन मिनिटांत गुंडाळते.’ हेडफोन गळ्यात होता. माइकचा फेडर बोटभर वर राहिला होता. माइक चालू असल्याचा लाल दिवा समोर जळत होता आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही.

गाण्याखालून ते वाक्य सगळ्या जिल्ह्यात गेलं. ड्यूटी रूममधून लगेच फोन आला. गाणं संपलं, आजोबांची लाइन जोडली. मी ‘नमस्कार’ म्हणायच्या आत ते म्हणाले, ‘नको ताई. गाणं तेवढं लावा. ठेवतो.’ आणि ठेवला.

उरलेली अडतीस मिनिटं मी कशी बोलले मला आठवत नाही. सभा संपल्यावर फॉल्ट रिपोर्ट लिहिला. वेळ १०.२२, कारण: उद्घोषकाचा निष्काळजीपणा. सही केली. अधिकारी रागावले नाहीत. ते म्हणाले, ‘रिपोर्ट कागदावर झाला. आजोबांचं काय करणार?’

पुढचे पाच गुरुवार त्यांचा फोन आला नाही. परवानगी घेऊन मी नोंदवहीतला त्यांचा नंबर काढला आणि दुपारी केंद्रावरूनच फोन केला. माफी मागितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘बोलतो मी जास्त, खरं आहे ते. घरात ऐकायला कुणी नाही, मग तुमच्याकडं सांडतं.’

त्यानंतर मी फोन ठेवायला शिकायला लागले. बोलायचं प्रशिक्षण मिळतं, फोन ठेवण्याचं कुणी देत नाही. आधीच्या निवेदिकेला फोन करून विचारलं, जुने कार्यक्रम ऐकले. आता मी वेळ सुरुवातीलाच सांगते, ‘काका, तीन मिनिटं आपली दोघांची. आज कोणती गोष्ट?’ माणसाला एकच गोष्ट निवडू द्यायची, मग ती पुरी होते. मध्ये तोडायचं झालं तर ‘बरं बरं’ म्हणून तोडायचं नाही, त्यांचाच शेवटचा शब्द उचलायचा. आणि निरोप घेताना ‘वेळ संपली’ म्हणायचं नाही. गाणं आधी लावून ठेवायचं, त्याचं सुरुवातीचं संगीत अगदी हळू त्यांच्या आवाजाखालून आणायचं. फोनमध्ये त्यांनाही ते ऐकू येतं. माणूस आपलं गाणं ओळखतो आणि आपण होऊन थांबतो. हे बोटाला जमायला मला जवळजवळ वर्ष लागलं. घाई केली की हाकलल्यासारखं होतं, उशीर केला की गाणं त्यांच्या बोलण्यावर चढतं.

काही फोन मात्र ठेवायचेच नसतात. एका रात्री सहकारीने चिठ्ठीवर गाण्याच्या जागी फक्त ‘आत घेऊ नको, बघ’ असं लिहून काचेला लावलं. एका तरुण मुलाचा फोन होता आणि त्याच्या बोलण्याचा सूर तिला बरा वाटत नव्हता. तो फोन आम्ही हवेत घेतला नाही. मी एकामागोमाग दोन गाणी लावली आणि बाहेर जाऊन त्याच्याशी बोलले, तोवर ड्यूटी ऑफिसरने दुसऱ्या फोनवरून ११२ ला कळवलं. मुलाजवळ माणूस पोहोचेपर्यंत सहकारी लाइनवर होती. यापेक्षा जास्त सांगणं त्याच्यावर अन्याय होईल. पण जो कुणी रात्री फोन घेणार आहे, त्याने पहिल्या दिवसापासून हे नंबर काचेवर चिकटवून ठेवावेत: मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, चोवीस तास. मुलांसाठी १०९८. महिलांसाठी १८१. ज्येष्ठांसाठी १४५६७. तातडीसाठी ११२. आपण समुपदेशक नाही. तेवढी मिनिटं सोबत करायची आणि योग्य माणसाच्या हातात द्यायचं. त्या रात्री घरी आल्यावर मी मुलीच्या अंथरुणापाशी बसून राहिले, झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रावर आम्ही तिघं त्याबद्दल बोललो. असं बोलून घ्या, मनात ठेवू नका.

तब्येतीचं थोडं: ड्यूटीच्या दिवशी मी दही, थंड पाणी आणि शेंगदाणे टाळते, नऊला कोमट पाणी पिते आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं डोळे मिटते. सर्दी असेल तर आदल्या दिवशीच कळवून बदली माणूस मागते. मानधनातून पेट्रोल, मोबाइल आणि मुलीच्या वर्गाची फी निघते. त्याहून जास्त धरू नका.

आजोबा होळीनंतरच्या गुरुवारी, २८ मार्च २०२४ ला परत आले. ‘रेडिओ बारीक केलाय ताई,’ हे त्यांनीच आधी सांगितलं. तेव्हापासून दर गुरुवारी बैलाची एकच गोष्ट. गेल्या आठवड्यात सहाव्या बैलाची गोष्ट होती, मी फेडर हळूहळू वर घेत होते. त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं, जरा ऐकलं आणि म्हणाले, ‘आलं माझं गाणं. राहिलेला बैल पुढच्या गुरुवारी. ठेवतो.’ मी माइक बंद केला, लाल दिवा विझल्याचं बघितलं, आणि पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज येईपर्यंत त्यांची लाइन उघडी ठेवली.